जग कुणाचं? ‘ला एन’ या फ्रेंच चित्रपटातली वस्ती आणि तिच्या खुणा : एक प्रकरण अभ्यास

६ एप्रिल १९९३ रोजी पॅरिसच्या अठराव्या विभागातल्या एका पोलीस ठाण्यात माकोमे म्बोवोले हा सतरा वर्षांचा मुलगा गोळी लागून मेला. कुटुंब मूळचं आफ्रिकेतल्या झाईरचं. सिगारेटच्या चोरीच्या संशयावरून त्याला ताब्यात घेतलं होतं. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने रिव्हॉल्व्हर त्याच्या डोक्यापाशी धरलं आणि ते उडालं. नुसती भीती दाखवायची होती, असं अधिकाऱ्याचं म्हणणं होतं. १९९६ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी, डिसेंबर १९८६ मध्ये, मालिक उसकीन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला मोटरसायकलवरच्या पोलीस पथकाने एका इमारतीच्या दारात गाठून इतकं मारलं होतं की तो वाचला नाही. ते पथक पुढे बरखास्त करावं लागलं.

माकोमेच्या मृत्यूची बातमी कळली त्याच दिवशी आपण लिहायला बसलो, असं दिग्दर्शक मात्यू कासोविट्झ सांगत आला आहे. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. दोन वर्षांनी, मे १९९५ मध्ये, त्याचा ‘ला एन’ (म्हणजे ‘द्वेष’) हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला. बंदोबस्तावरच्या पोलिसांनी चित्रपटाच्या मंडळींकडे पाठ फिरवल्याची बातमी तेव्हा गाजली. पंतप्रधान आलँ ज्युपे यांनी मंत्र्यांसाठी खास खेळ ठेवला. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कारही मिळाला.

कथा थोडक्यात अशी. पॅरिसबाहेरच्या एका वस्तीत रात्रभर दंगल झाली आहे. कारण, अब्देल नावाचा सोळा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या मारहाणीत बेशुद्ध पडून इस्पितळात आहे. दंगलीत एका पोलिसाचं रिव्हॉल्व्हर हरवतं. ते विन्झला सापडलं आहे. विन्झ ज्यू, ह्युबेर काळा आणि मुष्टियोद्धा, सईद अरब. अब्देल मेला तर एक पोलीस मारून हिशेब बरोबरीत आणीन, असं विन्झ जाहीर करतो. सकाळी १०:३८ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ०६:०१ पर्यंत आपण या तिघांबरोबर असतो. आधी वस्तीत, मग पॅरिसमध्ये, आणि शेवटी पुन्हा वस्तीत. वँसाँ कासेल, ह्युबेर कुंदे आणि सईद तघमावी या तिघा नटांचीच नावं, वँसाँचं लाडाने आखूड ‘विन्झ’ करून, पात्रांना दिलेली आहेत.

चित्रपटातल्या प्रतीकांवर बोलताना आपली एक खोड असते. बंदूक म्हणजे हिंसा, घड्याळ म्हणजे नियती, अशी जोड्या लावल्यासारखी यादी करायची आणि पुढे जायचं. या चित्रपटाला ती पद्धत लावली की हाती काहीच लागत नाही. माझं म्हणणं असं आहे की ‘ला एन’मधली जवळजवळ प्रत्येक खूण एक वचन देते, आणि ते वचन खोटं पाडण्याचं काम जागा करते. म्हणून प्रतीकं एकीकडे आणि पार्श्वभूमी दुसरीकडे अशी वाटणी इथे करताच येत नाही.

वस्ती कशी आहे

चित्रीकरण झालं ते शाँतलू-ले-व्हीन्य या गावातल्या ला नोए वस्तीत, पॅरिसच्या वायव्येला, इव्हलीन जिल्ह्यात. ही झोपडपट्टी नाही, हे आपल्या वाचकाने आधी मनाशी पक्कं करावं. सरकारी योजनेतून, नामवंत वास्तुविशारदाकडून आखून घेतलेली ही वसाहत आहे. एमिल आयो हे ते वास्तुविशारद. रांगेत उभ्या ठोकळ्यांचा त्यांना तिटकारा होता. वळणावळणाच्या इमारती, एकातून दुसऱ्यात उघडणारे चौक, मुलांना खेळायला मोकळ्या जागा, आणि भिंतींवर रंगवलेल्या कवींच्या अवाढव्य मुद्रा, ही त्यांची कल्पना होती. बोदलेर आणि रँबो या वस्तीतल्या भिंतींवरून खाली बघतात. त्यांच्याखाली पोरं चरस ओढतात, भांडतात, वेळ काढतात, आणि चित्रपटातलं कुणीही एकदासुद्धा मान वर करून त्यांच्याकडे बघत नाही.

हा चित्रपटाचा संयम मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने कवीच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून धरला असता. इथे ते चेहरे नुसते मागे असतात. फ्रान्सच्या शाळेत शिकवली जाणारी सगळी संस्कृती भिंतीएवढी मोठी करून या मुलांच्या दारात आणून ठेवली आहे, आणि ती त्यांच्या उपयोगाची नाही. संस्कृती देऊ, असं वचन भिंतीवर रंगवलं होतं. काम देण्याचं वचन मात्र भिंतीवर रंगवून भागत नव्हतं.

कारण ही वस्ती मुळात कामासाठीच वसली होती. जवळच्या प्वासी गावात मोटारींचा मोठा कारखाना आहे, सिम्काचा, मग टाल्बोचा, नंतर प्यूजोचा झालेला. द्राक्षमळ्यांच्या एका छोट्या गावाच्या कुशीत १९६६ ते १९७५ या काळात जी घरं उभी राहिली, ती मुख्यतः त्या कारखान्याच्या कामगारांसाठी. त्यातले पुष्कळ जण उत्तर आफ्रिकेतून आणि सहाराच्या दक्षिणेकडून आलेले. घरं पुरी होता होताच १९७३ चं तेलसंकट आलं, मोटारधंद्याला उतरती कळा लागली, आणि ऐंशीच्या दशकात कपातींचा सपाटा सुरू झाला. बाप ज्या कामासाठी आले ते काम मुलांच्या वाट्याला येईनासं झालं. चित्रपटात हा इतिहास कुणी बोलून दाखवत नाही. तो मोटारींमधून दिसतो.

चार मोटारी

पहिली मोटार जळालेली, आणि ती ह्युबेरच्या व्यायामशाळेत आहे. ही व्यायामशाळा उभी राहावी म्हणून ह्युबेरने जिवाचं रान केलं. दंगलीत ती जळाली, आणि तिच्या पोटात गाडीचा सांगाडा पडला आहे. ती गाडी दारातून आत आली तरी कशी, हा प्रश्न पोरंच एकमेकांना विचारतात. उत्तर मिळत नाही. वस्तीने स्वतःसाठी कमावलेली एकमेव जागा वस्तीच्याच दंगलीत गेली, हे दृश्य चित्रपटाच्या सुरुवातीलाच येतं. त्यामुळे पुढे सहानुभूती वाटत राहिली तरी भाबडी होत नाही. त्या राखेत एकटाच पिशवीवर ठोसे मारणारा ह्युबेर आपल्याला पहिल्यांदा दिसतो, आणि त्याचं नाव भिंतीवरच्या सामन्याच्या जाहिरातीवर असतं.

तिघांची ओळख अशीच होते. सईद दंगलविरोधी पोलिसांच्या गाडीवर, त्यांच्या पाठीमागे, फवाऱ्याने एक शिवी लिहितो आणि खाली स्वतःचं नाव टाकतो. विन्झच्या बोटांतल्या जाडजूड अंगठीवर त्याचं नाव कोरलेलं आहे. पोलिसाच्या गाडीवर, स्वतःच्या मुठीवर, जळक्या भिंतीवर, अशी तीन नावं तीन जागी चिकटवलेली. घराच्या दारावरची पाटी, कामाच्या ठिकाणचा बिल्ला, शाळेच्या हजेरीपटावरची ओळ यांतलं काहीच नाही. नाव टिकवायला हक्काची जागा नसली की माणूस मिळेल त्या पृष्ठभागावर ते लिहितो.

दुसरी मोटार वार्ताहरांची. मुलं खालच्या एका मोकळ्या जागेत बसलेली असतात, वरच्या रस्त्यावर दूरचित्रवाणीची गाडी येऊन थांबते. बाई गाडीतून न उतरता, वरूनच, दंगलीत तुम्ही होतात का, काही जाळलंत का, असं विचारते. खाली का उतरत नाही, इथे काय थ्वारी आहे का, असं मुलं सुनावतात. थ्वारी म्हणजे त्याच इव्हलीन जिल्ह्यातलं प्राणिसंग्रहालय, जिथे गाडीच्या काचा बंद ठेवून आतून वाघ-सिंह बघतात. टोमणा नेमका बसतो, कारण तो त्याच परिसरातला आहे. कॅमेऱ्याची चौकट वर आणि मुलं खाली, ही मांडणी बघितल्यावर बातम्यांबद्दल वेगळं भाषण लागत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला बॉब मार्लेच्या गाण्यावर जी खरी दंगलदृश्यं आपण पाहिलेली असतात, ती कुठून टिपली गेली असतील, याचा विचार इथे आपोआप मनात येतो.

तिसरी मोटार चोरीची. मध्यरात्र उलटलेली, शेवटची आगगाडी चुकलेली, आणि तिघे पॅरिसच्या एका गल्लीत मोटार फोडून आत बसतात. एक दारुडा उगाचच मदतीला येतो, त्याची भूमिका वँसाँ लँदाँने केली आहे. आत बसल्यावर उलगडा होतो की तिघांपैकी एकालाही गाडी चालवता येत नाही. प्रेक्षक हसतो. पण मोटार कारखान्याच्या कामगारांसाठी उभारलेल्या वस्तीत वाढलेल्या तीन मुलांना मोटार चालवता येऊ नये, यात त्या कारखान्याचा आणि त्या पिढीचा सगळा हिशेब आला. हे साम्य दिग्दर्शकाने ठरवून आणलं की चित्रीकरणाच्या जागेमुळे जुळून आलं, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. जागा खरी निवडली की असे अर्थ न मागता मिळतात.

चौथी मोटार पोलिसांची आहे, ती शेवटी येते.

तिथून पॅरिस किती लांब

वस्तीपासून पॅरिस रेल्वेने तासाभराच्याही आत. तरी चित्रपट ते अंतर वेगळ्या मापाने मोजतो. छायालेखक पिएर एम यांनी वस्तीत रुंद भिंगं वापरली आहेत. पुढे उभा माणूस आणि त्याच्या मागे पन्नास पावलांवरची खिडकी दोन्ही स्पष्ट दिसतात. कॅमेरा मुलांबरोबर चालतो, वळतो, जिन्यावर चढतो, कट न करता लांबलांब दृश्यं घेतो. इथला प्रत्येक कोपरा त्यांच्या ओळखीचा आहे आणि त्यांनाही सगळे ओळखतात. पॅरिसला पोचल्यावर भिंगं लांब होतात, मागचं शहर धूसर होतं, आणि तिघे त्या धूसरपणासमोर कापून चिकटवल्यासारखे दिसू लागतात.

हा बदल एका दृश्यात उघड घडवून दाखवला आहे. तिघे उंचावर उभे आहेत, मागे पॅरिसचा रस्ता. कॅमेरा मागे सरकतो आणि त्याच वेळी भिंग पुढे ओढतं. मुलांचा आकार तेवढाच राहतो, पण मागचं शहर जागचं हलतं आणि त्याचे तपशील विरघळतात. हिचकॉकने चक्कर येणं दाखवायला हीच युक्ती वापरली होती. इथे कुणाला चक्कर आलेली नाही. ज्या शहराबद्दल आयुष्यभर ऐकलं त्यात येऊन उभं राहिल्यावर ते हाती लागत नाही, एवढंच तीनचार सेकंदांत कळतं.

कृष्णधवल रंगसंगतीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, बहुतेक वेळा ‘माहितीपटासारखं वाटावं म्हणून’ असं. मला त्याचा दुसरा परिणाम जास्त जाणवतो. रंग काढून घेतल्यावर पॅरिसचं पर्यटनपत्रिकेतलं रूप नाहीसं होतं, आणि वस्तीचं काँक्रीट मात्र देखणं होतं. त्याच्या वळणांवर उजेड पडतो, सावल्या धारदार होतात. प्रेम वस्तीवर आहे, हे प्रकाशयोजनाच सांगते.

पॅरिसमध्ये या मुलांना दारं कशी भेटतात, तेही बघण्यासारखं आहे. सईदला एका माणसाकडून पैसे वसूल करायचे आहेत. त्याला सगळे आस्तेरिक्स म्हणतात. श्रीमंत वस्तीतल्या इमारतीच्या दारावर बटणांची रांग आणि नावांची यादी. टोपणनाव त्या यादीत कसं असणार? मग एकेक बटण दाबून लोकांना उठवायचं. वस्तीत खिडकीखाली उभं राहून हाक मारली की काम होतं. कलादालनात दार उघडं असतं, पेयं आणि खाणं फुकट असतं, आणि तिथून ते दहा मिनिटांत हाकलले जातात. चूक त्यांचीच, ते उद्धटपणे वागतात, चित्रपट ते लपवत नाही. पण बाहेर पडल्यावर दालनाचा मालक ‘वस्त्यांचा आजार’ अशा अर्थाचं काही बोलून दार लावतो, तेव्हा त्याला या प्रसंगाचं नाव आधीपासून पाठ होतं हे कळतं. ही भूमिका कासोविट्झच्या वडिलांनी, पेटर कासोविट्झ यांनी केली आहे. ते स्वतः हंगेरीतून आलेले चित्रपट दिग्दर्शक.

एक छोटा प्रसंग सगळ्यांत बोलका. सईद पॅरिसमधल्या एका पोलिसाला पत्ता विचारतो. पोलीस नीट सांगतो, आणि ‘तुम्ही’ म्हणून सांगतो. सईद थक्क होऊन मित्रांना ही बातमी देतो. वस्तीत पोलिसाकडून कधी अहोजाहो ऐकलेलंच नाही. काही तासांनी त्याच शहरात, पोलीस ठाण्याच्या खोलीत, सईद आणि ह्युबेर खुर्चीला बांधलेले असतात. दोन साध्या कपड्यांतले पोलीस त्यांचा छळ करतात आणि कोपऱ्यात बसलेल्या नव्या उमेदवाराला तो छळ शिकवतात. उमेदवार खाली बघत राहतो. शहराने दिवसाउजेडी दिलेला मान रात्री चार भिंतींआड परत घेतला.

जाहिरात, मनोरा, रिव्हॉल्व्हर

‘जग तुमचं आहे’, असं सांगणारी जाहिरात चित्रपटात मुलांच्या वाटेवर येते. पृथ्वीचा गोल आणि त्यावर हे शब्द. चित्रपटाच्या अगदी आरंभीही अवकाशातून दिसणारी पृथ्वी आहे, तिच्यावर पेटती बाटली पडते आणि पडदा ज्वाळांनी भरतो. हेच वाक्य अमेरिकी गुन्हेपटांत, १९३२ च्या आणि १९८३ च्या ‘स्कारफेस’मध्ये, आहे. तिथे ते नायकाच्या डोळ्यांसमोर चमकतं आणि त्याला वर चढायला लावतं. सईद रात्री फवारा काढतो आणि फक्त एक अक्षर बदलतो. फ्रेंचमध्ये तेवढ्याने ‘तुमचं’चं ‘आमचं’ होतं. इथे तो कुणाला शिवी देत नाही, नाव लिहीत नाही, काही मोडत नाही. संपूर्ण चित्रपटात त्याने केलेली ही सर्वांत सुजाण कृती आहे. आणि ती बघायला त्या वेळी रस्त्यावर कुणी नाही.

त्याच रात्रीचा आयफेल मनोरा बघा. दूर दिवे लागलेले. सईद चुटकी वाजवतो, दिवे जात नाहीत. असं फक्त सिनेमात होतं, अशी समजूत करून घेऊन तिघे वळतात. त्यांची पाठ वळल्यावर दिवे जातात. प्रेक्षकाला दिसतं, त्यांना दिसत नाही. शहर त्यांच्यासाठी चमत्कारसुद्धा त्यांच्या अपरोक्ष करतं.

रिव्हॉल्व्हर हे चित्रपटातलं सर्वांत मोठं वचन. विन्झ न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहून बोटांची बंदूक रोखतो आणि ‘माझ्याशी बोलतोयस का?’ असं स्वतःच्याच प्रतिबिंबाला दरडावतो. तो ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधल्या रॉबर्ट डी नीरोची नक्कल करतो आहे, हे प्रेक्षकाला कळतं. म्हणजे खरी बंदूक हाती असूनही त्याच्याकडे स्वतःचा पवित्रा नाही, तो अमेरिकेहून आला आहे. पॅरिसच्या रस्त्यावर तो वाहतूक पोलिसाला गोळी घालतो, आणि लगेच कळतं की ते त्याच्या मनातलं होतं. पहाटे अब्देल मेल्याची बातमी एका इमारतीतल्या मोठ्या पडद्यावर कळते. त्यानंतर एक मुंडन केलेला वंशद्वेष्टा गुंड विन्झच्या तावडीत सापडतो. ही भूमिका स्वतः कासोविट्झने केली आहे. ह्युबेर त्याला चिथावतो, मार, घाल गोळी. विन्झला जमत नाही. त्याला ओकारी येते. वस्तीत सकाळपासून ज्याने धमक्या दिल्या, त्याला मारणं जमत नाही, हे चित्रपटाने त्याला दिलेलं मोठेपण आहे.

मग तो रिव्हॉल्व्हर ह्युबेरला देऊन टाकतो. पहिली आगगाडी पकडून तिघे वस्तीत परततात. पोलिसांची गाडी येते. आदल्या दिवशी ज्याच्याशी खटका उडाला होता तो पोलीस विन्झच्या डोक्याला पिस्तूल लावून त्याची टर उडवतो आणि गोळी सुटते. मारण्याचा इरादा नव्हता. ही गोळी म्हणजे १९९३ च्या त्या ठाण्यातली गोळी, हे त्या वेळच्या प्रत्येक फ्रेंच प्रेक्षकाला कळलं असणार. ज्याने बंदूक टाकली तो मेला, ज्याला बंदुकीचा तिटकारा होता त्या ह्युबेरच्या हातात ती आली. तो आणि पोलीस एकमेकांवर रोखून उभे. सईद डोळे मिटतो. आवाज होतो. कुणी झाडली, दिग्दर्शक सांगत नाही.

याच ठिकाणी पडणाऱ्या माणसाची गोष्ट पुन्हा ऐकू येते. सुरुवातीला ह्युबेरच्या आवाजात ती अशी होती : पन्नासाव्या मजल्यावरून पडणारा माणूस प्रत्येक मजल्याला स्वतःला सांगतो, अजूनपर्यंत ठीक चाललंय, अजूनपर्यंत ठीक चाललंय. पडण्याचं काही नाही, जमिनीला लागणं महत्त्वाचं. शेवटी माणसाच्या जागी ‘समाज’ हा शब्द येतो. समीक्षकांनी या गोष्टीला चित्रपटाची गुरुकिल्ली मानलं. माझ्या दृष्टीने तिच्यातलं खरं मर्म जमीन आहे. या वस्तीतल्या इमारती मुळात फार उंच नाहीत, पन्नास मजले तर दूरच. पोरं दिवसभर जमिनीवरच असतात, कठड्यांवर, ओट्यांवर, बोगद्यांत. गच्चीवर जमून सॉसेज भाजतात तर पोलीस तिथून खाली उतरवतात. ज्यांना वर चढूच दिलेलं नाही त्यांच्या तोंडी पडण्याची गोष्ट आहे. पडतंय ते वरचं काहीतरी आहे, आणि ही मुलं ते जिथे आदळणार त्या जागी उभी आहेत.

म्हातारा आणि गाय

पॅरिसमधल्या एका सार्वजनिक शौचालयात तिघे भांडत असताना आतल्या दारातून एक बुटका म्हातारा बाहेर येतो आणि न विचारता गोष्ट सांगतो. सैबेरियाकडे जाणारी कैद्यांची आगगाडी. ग्रुनवाल्स्की नावाचा त्याचा मित्र, फार लाजरा. गाडी थांबली की सगळे रुळांलगत बसत, हा लांब झुडपाआड गेला. गाडी सुटली. तो धावला, गाडीवरच्या मित्राने हात पुढे केला. हात धरायला त्याने हात पुढे केले की विजार खाली घसरे, विजार सावरली की हात सुटे. असं करता करता गाडी निघून गेली आणि ग्रुनवाल्स्की थंडीने गोठून मेला. म्हातारा निघून जातो. याने हे आपल्याला का सांगितलं, असं सईद विचारत राहतो.

या गोष्टीवर ढीगभर अर्थ रचले गेलेत. जगायचं तर लाज सोडा, किंवा मान सोडू नका, दोन्ही टोकांचे. मला त्यातली गाडी आणि पुढे केलेला हात महत्त्वाचा वाटतो. काही तासांनी या तिघांची शेवटची गाडी सँ-लाझार स्थानकावरून सुटणार असते आणि ती चुकते, कारण पोलिसांनी दोघांना मुद्दाम उशिरा सोडलेलं असतं. त्यांच्यापुढे हात केलेला माणूसही चित्रपटात आहे. समीर, अरब वंशाचा पोलीस, सईदला कोठडीतून बाहेर काढतो आणि समजावतो की बहुतेक पोलीस तुम्हाला मारायला नाही, वाचवायला असतात. मग तुमच्यापासून आम्हाला कोण वाचवणार, असं ह्युबेर विचारतो. त्याचा हात धरायचा तर स्वतःचा मान सोडावा लागणार, असं या मुलांना वाटतं, आणि ते अगदीच चूक म्हणता येत नाही.

गाय मात्र उलगडत नाही. विन्झला वस्तीत एक गाय दिसते, दुसऱ्या कुणालाही नाही, आणि कुणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. फ्रेंचमध्ये पोलिसांना गाय म्हणून शिवी घालण्याची जुनी रीत आहे, तिचा दाखला काही जण देतात. मला तो ओढूनताणून वाटतो. द्राक्षमळे आणि शेतं उठवून जिथे ही वस्ती आली तिथे एखादं जनावर चुकून शिरणं इतकं अशक्य नाही. या एका खुणेला वचन नाही आणि भंगही नाही. ती आहे तशी राहू द्यावी.

आवाजाचा एकच प्रसंग नोंदवतो. एक मुलगा खिडकीत मोठे कर्णे ठेवून पोलिसांना शिव्या घालणारं रॅप आणि जुन्या पिढीची फ्रेंच गायिका एडिथ पियाफ हिचं ‘मला कशाचाही पश्चात्ताप नाही’ एकात एक मिसळून वाजवतो. वाजवणारा कट किलर हा खरा डीजे आहे. कॅमेरा खिडकीतून निघून इमारतींवरून तरंगत जातो. पॅरिसच्या गल्ल्यांतून वर आलेली पियाफ आणि वस्तीतलं रॅप मिनिटभर एकाच हवेत असतात, आणि कुणालाही गाडी पकडावी लागत नाही. आनंदाचं असं दुसरं दृश्य चित्रपटात नाही.

उणं काय

बायका जवळजवळ नाहीत. ह्युबेरची आई शिलाईयंत्रावर बसलेली आहे, विन्झची आजी आणि बहीण आहेत, कलादालनातल्या दोघी आहेत, आणि कुणालाच स्वतःचा असा प्रसंग नाही. वस्तीचं चित्र चौक आणि गच्च्यांवर उभारलं, घरांवर नाही, म्हणून हे घडलं, असा बचाव होऊ शकतो. पण घराचं दार उघडून आत जातो तेव्हाही कॅमेरा मुलाबरोबर लगेच बाहेर येतो. सईदचं घर तर आतून दिसतच नाही. तिघांपैकी अरब मुलाचंच घर बंद राहावं, हे मला खटकतं. मेहदी शारेफने १९८५ मध्ये अशाच वस्तीवर केलेल्या पहिल्या चित्रपटात आईचं, घराचं, जेवणाच्या ताटाचं जग होतं. दहा वर्षांनी ते गळून गेलं. एक ज्यू, एक काळा, एक अरब अशी जुळणी मांडल्यासारखी वाटते, हा आक्षेपही तेव्हापासून आहे. कासोविट्झ स्वतः वस्तीतला नाही, पॅरिसच्या चित्रपटवाल्या घरातला. मात्र चित्रीकरणाआधी तो आणि नट तिथे काही महिने राहिले, आणि पडद्यावरची ओळख त्या राहण्यातून आली आहे.

शाँतलूला याची किंमत द्यावी लागली. अनेक गावांनी चित्रीकरणाला नकार दिला होता. शाँतलूच्या नगरपालिकेने होकार दिला तो गावाचं नाव येणार नाही या अटीवर. म्हणून चित्रपटात वस्तीचं नाव ‘ले म्यूगे’ असं काल्पनिक आहे. अट पाळली गेली, पण गाव सगळ्यांना कळलंच, आणि पुढची कित्येक वर्षं वार्ताहर तिथे ‘ला एन’ची वस्ती शोधत जात राहिले. मधल्या काळात काही इमारती पाडून फेररचना झाली. २०१९ च्या नोव्हेंबरात पोलिसांशी झालेल्या चकमकींच्या रात्री गावातल्या मुलांना सर्कस शिकवणारी नवी वास्तू जाळली गेली. त्या आधी २००५ मध्ये क्लिशी-सू-ब्वामध्ये पोलिसांना टाळताना वीज उपकेंद्रात लपलेली दोन मुलं मेली आणि देशभर तीन आठवडे आगी पेटल्या. २०२३ च्या जूनमध्ये नाँतेरला वाहतूक तपासणीत सतरा वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला, तेव्हा पुन्हा तेच. २०२४ मध्ये कासोविट्झने हाच चित्रपट संगीतनाट्याच्या रूपात रंगमंचावर आणला, आणि त्याच्या उपशीर्षकात लिहिलं की अजूनपर्यंत काहीही बदललेलं नाही.